गाळाने बुजलेले बंदर : कोकणातून जाऊन ब्रूज शहर कसे पाहावे

बेल्जियममधल्या ब्रूज या शहराला सहल कंपन्यांच्या पत्रकांत ‘उत्तरेचे व्हेनिस’ म्हणतात, आणि हे बिरुद मनात धरून जो तिथे उतरेल त्याचा थोडा विरस होण्याचा संभव आहे. व्हेनिस खाजणात उभे आहे, तिथे भरती दारापर्यंत येते. ब्रूजपासून समुद्र आज बारा-पंधरा किलोमीटर दूर आहे आणि शहरातले पाणी तळ्यासारखे एकाच पातळीवर थांबलेले असते. व्हेनिसऐवजी गाळाने भरलेले एखादे कोकणी बंदर ज्याने डोळ्यांपुढे ठेवले, त्याला मात्र हे शहर पहिल्या संध्याकाळीच उलगडू लागते.

मी राजापूरचा. आमच्या गावी १६४९ साली इंग्रजांनी वखार घातली ती उगाच नव्हे. जैतापूरच्या खाडीतून अर्जुना नदीने गलबते गावापर्यंत येत, आणि अणुस्कुरा घाटाने उतरलेला माल इथे त्यांच्यावर चढे. आज बंदरधक्क्यावर उभे राहिले तर गाळ आणि वाळूचे उंचवटे दिसतात, आणि पावसाळ्यात तेच पाणी जवाहर चौकात शिरते. ब्रूजचेही हेच झाले, फक्त पाचशे वर्षे आधी. आणि व्यापार गेल्यावर जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा कित्येक पिढ्यांना हाती न आल्यामुळे गाव बहुतांशी होते तसे राहिले. २००० साली युनेस्कोने ज्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ते असे दारिद्र्याने सांभाळलेले शहर आहे. म्हणून या लेखात ब्रूज हे बंदर म्हणून कसे पाहावे, एवढेच सांगणार आहे. चॉकलेटची दुकाने वाचकाला माझ्या मदतीवाचून सापडतील.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा मी एका सहल कंपनीच्या बसमधून ब्रूजला गेलो, तेव्हा आम्हाला तिथे अडीच तास मिळाले आणि त्यांतला पाऊण तास कंपनीनेच ठरवलेल्या एका दुकानात गेला. परतताना चौकाचे चार फोटो आणि एक वॅफल एवढीच माझी कमाई होती. दुसऱ्यांदा थोरल्या बहिणीला घेऊन स्वतःच्या पायांनी गेलो आणि तीन रात्री राहिलो. ब्रसेल्सहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचे लोंढे दुपारी उशिरा ओसरतात, आणि त्यानंतरचे तीन-चार तास हाच ब्रूज पाहण्याचा खरा वेळ आहे. ज्याला तिथे एकही रात्र काढता येत नसेल त्याने, माझ्या मते, बेत पुढे ढकलावा.

केव्हा जावे आणि कसे पोहोचावे

कोकणातल्या माणसाला वर्षातले बरेच महिने गाव सोडता येत नाही. मे महिन्यात आंबा आणि चाकरमानी दोन्ही घरात असतात, आणि गणपतीत बाहेर पडण्याचा विचारही कोणी करत नाही. सुदैवाने आंब्याची शेवटची पेटी रवाना झाल्यानंतरचा जूनचा पहिला पंधरवडा ब्रूजसाठी उत्तम असतो. त्या दिवसांत तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे जेवण उरकून बाहेर पडले तरी दोन तास उजेड मिळतो. होड्यांच्या फेऱ्या साधारण मार्चपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच चालतात, हेही ध्यानात ठेवावे. पाऊस तिथे कोणत्याही महिन्यात येतो. पण आपल्याकडचा धो-धो पाऊस पाहिलेल्याला तो शिंतोडाच वाटेल. त्याच्याबरोबर येणारा गार वारा मात्र फसवा असतो, म्हणून छत्रीपेक्षा टोपीचे जाकीट घ्यावे.

बेल्जियमसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण हे पंधरा दिवस कागदावरचे आहेत असे समजून दोन-अडीच महिने हाताशी ठेवावेत. निदान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. एकाहून अधिक देश पाहायचे असतील तर जिथे मुक्काम सर्वांत मोठा, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. मुंबईहून विमान असेल आणि पाऊस सुरू झाला असेल तर गावाहून एक दिवस आधी निघावे. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकावर विसंबून त्याच रात्रीचे विमान गाठण्याचे धाडस मी एकदा केले आहे, आणि पुन्हा करणार नाही.

सामानात हापूस घालू नये. युरोपीय संघात बाहेरून फळे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो आणि प्रवाशाच्या पिशवीतल्या आंब्यालाही तो नियम लागू आहे. केळी, खजूर, अननस, ड्युरियन आणि नारळ एवढ्यांनाच सूट आहे, म्हणजे तिकडच्या नातेवाइकाला कोकणाची आठवण म्हणून नारळ देता येतो, आंबा नाही. दूध आणि मांस यांपासून केलेले पदार्थही चालत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी.

ब्रसेल्सच्या विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे आणि तिथून ब्रूज साधारण दीड तासावर आहे. ब्रसेल्सच्या मुख्य स्थानकावरून एक तास पुरतो. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण नसते, त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला तिकीट चालते, जागा मिळेल तिथे बसायचे. गोंधळ होतो तो नावांचा. ब्रसेल्समधल्या एकाच स्थानकाला फ्रेंचमध्ये मिदी आणि डचमध्ये झाउड म्हणतात, आणि गाडी डचभाषक भागात शिरली की घोषणा आणि पाट्या फक्त डचमध्ये येऊ लागतात. ब्रूज हे फ्रेंच नाव आहे. गावातला माणूस घसा खरवडून ‘ब्रुख्ख’ म्हणतो, आणि पाटीवरही तेच असते. तिथे फ्रेंच बोलण्याची हौस करू नये. इंग्रजी सर्वांना येते, आणि ‘दांक यू’ म्हणून आभार मानले तर माणसे खुलतात. वेंगुर्ल्याला १६३७ साली वखार घालणाऱ्या डचांची भाषा आणि ही भाषा एकच आहे, एवढी ओळख आपल्याला पुरावी.

स्थानकापासून मुख्य चौक पायी वीस मिनिटांवर आहे, पण चाकांची बॅग असेल तर बस घ्यावी. रस्ते घडीव दगडांचे आहेत आणि माझ्या बॅगेचे एक चाक पहिल्याच गल्लीत निखळले. राहण्याची जागा जुन्या शहराभोवतीच्या अंडाकृती खंदकाच्या आत शोधावी. त्या अंड्याच्या आत कुठेही राहिले तरी काहीही अर्ध्या तासाच्या चालण्यापलीकडे नाही.

आधी गाळाची गोष्ट

ही गोष्ट माहीत नसेल तर ब्रूजमध्ये काय पाहतो आहोत हे कळत नाही, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. ११३४ साली मोठ्या वादळात समुद्राने किनारा फोडला आणि ब्रूजच्या दिशेने एक खोल खाडी तयार झाली. तिचे नाव झ्विन. या खाडीमुळे ब्रूज समुद्राला जोडले गेले. १२७७ साली इटलीतल्या जिनोव्हाची पहिली व्यापारी गलबते भूमध्य समुद्रातून वळसा घालून इथे पोहोचली, आणि पुढची दोनशे वर्षे इंग्लंडची लोकर, जर्मन व्यापाऱ्यांचे धान्य, फर आणि मेण, इटालियनांचे रेशीम आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून हात बदलत गेलेली मिरी या एका गावात एकत्र येत राहिली.

झ्विनच्या दोन्ही काठांना खाजण होते. लोकांनी तिथे बांध घातले, भरतीचे पाणी अडवले आणि जमीन लागवडीखाली आणली. आपल्याकडे खारबंदिस्ती करतात तेच. पण खाजण बांधाआड गेले की भरतीला पसरायला जागा कमी उरते, कमी पाणी आत येते, आणि मग सुकतीला परत जाणाऱ्या पाण्यात गाळ खरवडून नेण्याचा जोर राहत नाही. हे आपल्या कोणत्याही खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसाला पुस्तकावाचून ठाऊक असते. झ्विन अशी हळूहळू भरत गेली. मोठी गलबते आधी ब्रूजपर्यंत येईनाशी झाली, मग दामपर्यंत, मग स्लाउसपर्यंत. दर खेपेला माल छोट्या होड्यांत उतरवण्याची जागा समुद्राच्या दिशेने सरकत गेली. त्यात १४८८ साली ब्रूजच्या लोकांनी आपला राजपुत्र मॅक्सिमिलियन याला चौकातल्या एका घरात कोंडून ठेवले. त्याने सुटल्यावर सूड उगवला आणि परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पकडे वळवले. गाळ आणि राजकारण यांच्या कात्रीत सापडलेले बंदर पुन्हा उठले नाही. १९०७ साली झेब्रुख्ख इथे नवे बंदर झाले, पण ते समुद्रावर, गावापासून दूर.

नावांत ही सारी कथा साठलेली आहे. ‘दाम’ म्हणजे बांध. ‘स्लाउस’ म्हणजे आपण बांधाला पाणी सोडण्यासाठी ठेवतो ती उघाडी. ‘ब्रुख्ख’ हे नाव धक्का या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दावरून आले असे एक मत आहे. धक्का, बांध आणि उघाडी या तीन गावांमधली वाट आपल्याला पाहायची आहे.

पहिली संध्याकाळ : बंदराची वाट

सगळे प्रवासी मुख्य चौकातून दक्षिणेकडे जातात, कारण फोटोतली जागा तिकडे आहे. पहिल्या संध्याकाळी आपण उलट, उत्तरेकडे जावे.

सुरुवात मात्र चौकातूनच करावी, कारण बंदराचे केंद्र तिथेच होते. चौकाच्या पूर्व बाजूला आज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची एक नक्षीदार सरकारी इमारत आहे. तिथे पूर्वी ‘वॉटरहाले’ नावाचे प्रचंड छप्पर होते आणि त्याच्या खालून कालवा जाई. होड्या छपराखाली येत आणि माल पाऊस न लागता उतरे. १७८७ साली ते पाडले. भर चौकात उभे राहून, पायांखाली पाणी आहे आणि त्यावर गलबतांचा माल आहे अशी कल्पना केली की मग शेजारच्या घंटाबुरुजाची उंचीही पटते. इतक्या उंचावर पहारा ठेवावा एवढी संपत्ती त्याच्या पायथ्याशी होती.

चौकातून फ्लामिंगस्त्रात या रस्त्याने वर गेले की डावीकडे एका घरावर फान देर बेउर्झ या कुटुंबाचे नाव आहे. ही माणसे खाणावळ चालवत आणि दलाली करत; त्यांच्या दारापुढे इटालियन व्यापारी हुंड्या वटवायला जमत. शेअरबाजाराला युरोपातल्या अनेक भाषांत ‘बोर्स’ किंवा त्यासारखा शब्द आहे तो या नावावरून आला असे मानतात. शेजारीच जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची १३९९ सालची वखार आहे, आणि तिच्यात सध्या बटाट्याच्या फ्राईजचे संग्रहालय आहे. वखारींच्या नशिबी काय काय येते हे आम्हां राजापूरकरांना माहीत असल्यामुळे मी त्यावर हसलो नाही.

पुढे यान फान आयक या चित्रकाराच्या नावाचा चौक लागतो. माझ्या दृष्टीने ब्रूजमधली सर्वांत चांगली जागा ही. इथे कालवा पायऱ्यांशी येऊन संपतो. पूर्वी तो इथून पुढे वॉटरहालेपर्यंत जात असे, नंतर तो भाग बुजवला. काठावर जुने जकातघर आहे, दारावर सरदाराचे कोरीव मानचिन्ह आहे, आणि जकातघराला चिकटून एक अगदी चिंचोळे दगडी घर आहे. ते घर हमालांच्या संघाचे. त्याच्या दर्शनी खांबाशी खाली वाकून पाहिले तर दगडात कोरलेली छोटी माणसे पाठीवर पिंपे वाहताना दिसतात. वखारदारांची घरे सगळीकडे असतात, पण हमालांचे घर दगडात बांधलेले आणि पाच शतकांहून अधिक काळ टिकलेले मी दुसरे पाहिले नाही. जवळच्याच एका छोट्या चौकाचे नाव ‘यारीचा चौक’ असे आहे. तिथे लाकडी यारी होती, आणि तिच्या मोठ्या चाकात माणसे चालत राहून पिंपे वर उचलत.

तिथून स्पीगलरे या कालव्याच्या काठाने चालावे. ‘स्पीगल’ म्हणजे आरसा. वारा पडलेला असला की घरांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती पाण्यात तशाच उमटतात. पुढे हाच काठ लांगेरे होतो आणि गर्दी जवळजवळ संपते. उजवीकडे थोडे आत वळले तर खंदकाच्या बांधावर चार पवनचक्क्या आहेत. त्यांतली सिंट-यान्सहाउस ही १७७० सालची आहे. लांगेरेच्या टोकाला जिथे जुना दाम दरवाजा होता, तिथून गलबतांची वाट बाहेर पडत असे. पहिल्या दिवशी तिथून परत फिरावे.

आमच्याकडे ‘कालव’ म्हटले की खडकावरचे, कोयतीने फोडायचे ते आधी आठवते, आणि ताईने घरी फोनवर “इथे सगळीकडे कालवेच कालवे आहेत” असे सांगितल्यावर पलीकडून पहिला प्रश्न “मोठी आहेत काय?” असा आला. ब्रूजमधल्या कालव्यांना गावकरी ‘रेयन’ म्हणतात, कारण मुळात ती रेये नदी आहे. ताईला पाण्याजवळ गेल्यावर दुसरीच गोष्ट खटकली. ती बराच वेळ काठावर वाकून उभी होती आणि मग म्हणाली, “ह्या पाण्याला वास कसा नाय रे?” तिचे बरोबर होते. जिथे सुकती नाही तिथे उघडा पडणारा चिखल नाही, आणि चिखल नाही तर खाडीचा वासही नाही.

दुसरा दिवस : होडी, बुरूज आणि एक छोटी पेटी

होडीची फेरी सकाळी दहाच्या सुमारास, पहिल्या होड्या सुटतात तेव्हाच घ्यावी. पाच धक्क्यांवरून होड्या सुटतात, मार्ग सगळ्यांचा जवळपास एकच असतो आणि फेरी अर्ध्या तासाची असते, त्यामुळे जिथे रांग छोटी असेल तिथे बसावे. होडी उघडी असते. पूल इतके बुटके आहेत की नावाडी आरोळी देतो आणि सगळे माना खाली घालतात. कमानीच्या खालच्या बाजूला दगडांवर ओलाव्याचा हिरवा पट्टा आणि मधूनच लोंबणारे शेवाळ अगदी कानाजवळून जाते. रस्त्यावरून घरांची दर्शनी बाजू दिसते, पण त्यांची पाण्यात उघडणारी मागची दारे, त्यांच्या पायऱ्या आणि आत माल घेण्याच्या कमानी होडीतूनच दिसतात. बंदर पाहायचे असेल तर ही फेरी चुकवून चालणार नाही. राजहंस भरपूर आहेत. मॅक्सिमिलियनला कोंडले तेव्हा त्याच्या पीटर लांखाल्स नावाच्या अधिकाऱ्याला लोकांनी ठार केले, आणि लांखाल्स म्हणजे ‘लांब मान’, म्हणून शिक्षा म्हणून शहराने कायमचे लांब मानेचे पक्षी पाळावेत असा हुकूम झाला, अशी दंतकथा नावाडी सांगतो. ती ऐकून घ्यावी.

घंटाबुरूज ८३ मीटर उंच आहे आणि त्याला ३६६ पायऱ्या आहेत. वरच्या टप्प्यात जिना इतका अरुंद होतो की उतरणाऱ्याला भिंतीला चिकटून वाट द्यावी लागते. गुडघे दुखत असतील तर हट्ट करू नये. वर ४७ घंटा आहेत. तिकिटाला वेळ ठरवून दिलेली असते, म्हणून ते आदल्या दिवशीच काढून ठेवावे. स्वच्छ दिवशी वरून उत्तरेकडे पाहावे. दूरवर झेब्रुख्खच्या याऱ्या दिसतात आणि मधली सपाट हिरवी जमीन दिसते. ती सगळी पूर्वी खाडी आणि खाजण होती.

शेजारच्या बुर्ख चौकातले १३७६ साली बांधायला घेतलेले नगरगृह आणि पवित्र रक्ताचे चर्च यांना अर्धा तास पुरतो. थोरल्या चर्चमध्ये, ज्याचा विटांचा मनोरा सुमारे ११५ मीटर उंच आहे, मायकेलअँजेलोने घडवलेली संगमरवरी माता आणि बाळ आहेत. ब्रूजच्या एका व्यापारी कुटुंबाने ती मूर्ती इटलीत विकत घेतली. ती फ्रेंचांनी १७९४ साली पळवली, परत आली, १९४४ साली जर्मनांनी पळवली आणि युद्धानंतर ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीतून पुन्हा परत आली. गर्दी तिच्यापुढे असते आणि असावीच.

पण एकच वस्तू पाहण्याइतका वेळ असेल तर समोरच्या सिंट-यान रुग्णालयात जावे. बाराव्या शतकापासून हे रुग्णालय होते. खाटा लावण्याची लांबलचक दालने आणि त्यांवरची लाकडी तुळयांची छते अजून आहेत. आत हान्स मेमलिंग याने रंगवलेली १४८९ सालची एक लाकडी पेटी आहे. तिचा आकार चिमुकल्या देवळासारखा आहे, उंची माणसाच्या कमरेइतकीही नाही, आणि तिच्यात संत उर्सुला हिच्या अस्थी म्हणून जपलेले अवशेष ठेवण्यासाठी ती केलेली आहे. दोन्ही बाजूंना मिळून सहा चित्रे आहेत: उर्सुला आणि तिच्या सख्या जहाजाने कोलोनला येतात, बासेलला जातात, रोमला पोहोचतात, परत फिरतात आणि शेवटी मारल्या जातात. धार्मिक कथा बाजूला ठेवून फक्त जहाजे पाहावीत. त्यांचे फुगीर तांबूस पोट, फळ्यांवर फळ्या चढवून केलेला सांगाडा, काठावर अंग टेकून उतरणारी बाई, आणि मागे कोलोनचे त्या वेळी अर्धवट असलेले कॅथीड्रल. मेमलिंग हे चित्र काढत होता त्याच सुमाराला त्याच्या गावाबाहेरची खाडी भरत चालली होती. पेटी काचेत आहे, पण भोवती फिरता येते. अर्धा तास द्यावा.

खरुनिंग संग्रहालयात यान फान आयक याचे १४३६ सालचे मोठे चित्र आहे. त्यातल्या म्हाताऱ्या पाद्र्याच्या हातातला चष्मा जवळून पाहावा. संग्रहालयांचे सुट्टीचे वार वेगवेगळे असतात, ते आधी पाहून मगच दिवस ठरवावेत. संध्याकाळी १२४५ साली स्थापन झालेल्या बेगैनहोफमध्ये जाऊन बसावे. संन्यासाची कायमची शपथ न घेता व्रतस्थ राहणाऱ्या स्त्रियांची ही पांढऱ्या घरांची वस्ती आहे. आता तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात आणि शांतता पाळावी लागते.

खाणे आणि बारीकसारीक

रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारे फ्राईज बऱ्याच ठिकाणी परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, आणि ‘स्टोफव्लेस’ हा बिअरमध्ये शिजवलेला रस्सा गोमांसाचा असतो. ज्यांना हे वर्ज्य आहे त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यावे. विचारल्याचा राग कोणी मानत नाही आणि तेलात तळणारी दुकानेही मिळतात. मासे खाणाऱ्याची मात्र चंगळ आहे. आपल्या करंदीएवढी राखाडी कोळंबी घातलेले, बाहेरून खरपूस आणि आतून पातळ असे क्रोकेट जरूर खावेत. शिणाण्यांचे टोपलेभर कालवण कांदा आणि सेलरी घालून उकडून आणतात. पहिले शिणाणे काट्याने खायचे आणि मग त्याच्याच शिंपल्याचा चिमटा करून बाकीची ओढून काढायची, ही रीत मालवणी माणसाला शिकवावी लागत नाही. त्यांचा खरा हंगाम मात्र जुलैपासून सुरू होतो, तेवढी जूनमध्ये जाण्याची किंमत मोजावी लागते. जेवताना पाणी विकत घ्यावे लागते, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात हवीत. रस्त्याच्या कडेला रंगाने आखलेली पट्टी सायकलींची असते. तिच्यावर उभे राहून फोटो काढणे हा तिथला सर्वांत सामान्य गुन्हा आहे.

तिसरा दिवस : दाम आणि झ्विन

सायकल भाड्याने घ्यावी आणि दाम दरवाजाच्या जागेपासून निघणाऱ्या सरळ कालव्याच्या काठाने जावे. हा कालवा नेपोलियनच्या हुकुमाने खणलेला आहे. दोन्ही काठांना उंच पॉप्लर आहेत आणि वाऱ्याने ते सगळे एकाच बाजूला कललेले आहेत, आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूंसारखे. सहाएक किलोमीटर आहे, चढ अजिबात नाही. सायकल नको असेल तर याच मार्गावर एक होडीही जाते. दाम हे आता एका चौकाचे खेडे आहे, पण त्याचे नगरगृह आणि सपाट माथ्याचा धिप्पाड चर्चमनोरा पाहिला की इथे बंदर होते यावर विश्वास बसतो. १४६८ साली बर्गंडीचा धाडसी चार्ल्स याचे इंग्लंडच्या राजकन्येशी लग्न इथेच लागले. ज्यांचे पाय चालतात त्यांनी याच कालव्याने पुढे नेदरलँड्सच्या हद्दीतल्या स्लाउसपर्यंत जावे. तिथे २४ जून १३४० रोजी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली, शेकडो गलबते एकमेकांवर आदळली. आज त्या परिसरात गहू आणि बटाटा आहे.

एवढी सायकल चालवायची नसेल तर दुपारी ब्रूजहून क्नोकेची गाडी पकडावी. अर्ध्या तासाच्या आत पोहोचते, आणि तिथून बसने किंवा सायकलने झ्विनच्या राखीव क्षेत्रात जाता येते. खाडीचे जे उरले आहे ते एवढेच. तिथे खारी माती आहे, तिच्यात वाकडेतिकडे वळणारे ओहोळ आहेत, उन्हाळ्यात जांभळ्या फुलांचा थर असतो आणि उंच घरट्यांत करकोचे असतात. ही उरलेली खाडीही भरून चालली होती. तेव्हा २०१९ साली तिथल्या लोकांनी जुना बांध काढला, नवा बांध आतल्या बाजूला घातला आणि सुमारे १२० हेक्टर शेतजमीन पुन्हा भरतीला मोकळी करून दिली, म्हणजे जास्त पाणी आत येईल आणि सुकतीला जाताना गाळ बरोबर घेऊन जाईल. जाण्यापूर्वी त्या दिवशीच्या भरतीची वेळ पाहून घ्यावी आणि भरती उतरायला लागल्यावर नव्या बांधावर जाऊन उभे राहावे. ओहोळांतून पाणी गढूळ होऊन समुद्राकडे पळू लागते, मागे चिखल उघडा पडतो, आणि तीन दिवस न आलेला वास तिथे येतो. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे मात्र आधी बघून ठेवावे, कारण ताई तिथून उठायला तयार नव्हती.